आधी धाकटीची चिठ्ठी

दैवशाला : ही नवी साडी नेसून आलीस ती मला न्यायला, का मला दाखवायला?

विजयमाला : असं काय बोलता बाई? सुकेशनी डॉक्टरीनबाईंनी मला झरीच्या कार्यक्रमात दोन शब्द बोलाय सांगितलंय, म्हणून नेसले. चला की. जीप फाट्यावर उभी हाय. परवा टोळ्या ऊसतोडीला निघायल्यात. आज झरीच्या दवाखान्यात नाव दिलं तरच उसाच्या फडावर तुमच्या पाचटाच्या कोपीला नर्स येईल. तुमाला पाचवा लागलाय.

दैवशाला : माझे महिने मोजत बसतीस का?

विजयमाला : सख्खी जाव हाय मी तुमची.

दैवशाला : जाव हायस म्हणूनच. दोन वर्सांमागं आपण दोघी बी पोटुशी व्हतो. एका चुलीवरच्या भाकरी खायचो. तुझी अर्पिता आता अंगणभर पळायलीय. माझं जगलंच न्हाई, माझं काय पळतंय?

बायनाबाई : जावा जावा अन् उभा दावा! अगं सुनांनो, हळू. गल्लीला ऐकू जायलंय.

दैवशाला : जाऊ द्या आत्याबाई. गावानं समदं बघितलंय. पारावर तमाम गावासमोर घागरीतून चिठ्ठी निघाली. डॉक्टरीनबाई मनल्या, नवी रीत जोखून बघायचीय. एका टोळीवर दर आठवड्याला नर्स जाणार, रगत तपासणार, कमी निघालं तर लोहाची सलाईन लावणार. दुसऱ्या टोळीला नेहमीच्याच गोळ्या. कुणाला काय, ते चिठ्ठी ठरवंल.

विजयमाला : मग त्यात माझा काय गुन्हा?

दैवशाला : तुझा न्हाई, माझ्या हाताचा. मुकादम मनला, पोटुशीचा हात शकुनाचा, हिलाच काढू द्या. तुझा नवरा एका टोळीत, माझा दुसऱ्या. इचारलं, पहिली कुणाच्या नावानं? मी मनले, आधी धाकटीची. लय मोठेपणा दाखवाय गेले. नर्सची चिठ्ठी तुमच्या टोळीला निघाली. तुझं नशीब मी काढलं अन् माझं घागरीत ऱ्हायलं.

विजयमाला : म्हणून माझ्या लेकराकडं तसं बघता व्हय?

दैवशाला : अन् तू? मी ओसरीत आले की पोरीच्या गालाला काजळाची तीट लावतीस. डबी कनवटीलाच असती तुझ्या. मला दिसत न्हाई वाटतं?

विजयमाला : लावते. भेव वाटतंय मला तुमच्या नजरेचं.

दैवशाला : वाटू दे. खरंच हाय. बघवत न्हाई मला. तिच्या पायातले वाळे वाजले की आत आग व्हती. झालं समाधान?

बायनाबाई : बोललीस एकदाची. आता पायात चप्पल घाल. पोटातल्यानं काय केलंय तुझं?

दैवशाला : मी न्हाई जायची. हिच्या टोळीत जमलं म्हणून सरकारनं समद्या टोळ्यांना नर्स द्यायचा हुकूम काढला. कौतुक हिचं, शाल हिला. हिचं उष्टं मी काऊन खाऊ?

विजयमाला : एकट्या आमच्यावरून न्हाई निघाला हुकूम. मी बी तसंच समजून व्हते. वरचे साहेब मनले मनं, ह्या बाया मुळातच धडधाकट, नर्स पाठवून काय उपेग? मग बाईंनी तुमची टोळी पुढं ठेवली. बाया तशाच, कोयता तोच, ऊस तोच. जिल्हाभर टोळ्यांच्या अशा जोड्या लावल्या व्हत्या, समद्या पुढं ठेवल्या. नुसत्या गोळ्यांवर काय व्हतं ते बघितल्यावर साहेबांना पटलं.

दैवशाला : म्हंजे माझं लेकरू त्यात धरलं?

विजयमाला : धरलं.

दैवशाला : नावानं?

विजयमाला : न्हाई. आकड्यात.

दैवशाला : नाव ठेवलंच कुठं व्हतं.

बायनाबाई : रडू नको गं, दैवशाला.

दैवशाला : रडत न्हाई, राग आलाय. सरकारला पटाय माझी कूस लागली व्हय?

विजयमाला : बाईंनी समदं समजावून सांगितलं व्हतं. आपण दोघींनी अंगठा दिला.

दैवशाला : दिला. तवा वाटलं व्हतं, चिठ्ठी माझीच निघंल.

विजयमाला : मला बी तसंच वाटलं व्हतं. एक सांगू? मारू नका. निरोप परवाच आला व्हता. बाई मनल्या, थोरलीला आधी आण, तिच्याबिगर तुझ्या बोलण्याला अर्थ न्हाई. कवा बी आल्या की तुमचंच इचारत्यात. झोपती का, जेवती का. मला नुसतं, तू बरी हायस ना, अन् पुढं. मला राग आला. म्हणून आज सांगायले, जीप आल्यावर.

दैवशाला : मी येऊच नये म्हणून?

विजयमाला : व्हय.

दैवशाला : म्हंजे तू बी जळतीस की माझ्यावर!

विजयमाला : जळते.

बायनाबाई : बरं झालं. आता दोघी सारख्याच झाल्या. तिकडं जीपवाला भोंगा वाजवायलाय, ऐका.

दैवशाला : आत्याबाई, माझी चप्पल द्या. इजे, पोरगी दे इकडं.

विजयमाला : तुमच्याकडं?

दैवशाला : मग काय नव्या साडीवर घेतीस? दे.

(विजयमाला पोरीला जावेच्या कडेवर देते.)

विजयमाला : घ्या. जड झालीय लय.

दैवशाला : व्हय गं. जड हाय. डबी कुठंय तुझी?

विजयमाला : कनवटीला. काऊन?

दैवशाला : तीट लाव तिला. झरीत लय मानसं असत्यात.