शिंदी कुणी तोडली

(अंबड, १९४७. दिवाळी नुकतीच झालेली. ठाण्यामागची हवालात, दुपार. गजांच्या आत बद्रीनाथ, बाहेर भुजंग. दाराशी जमादार.)

भुजंग : खोटं बोललो म्हणून सांग अमीनसाबाला. तेवढंच कर. बाकीचं माझं मी बघतो.

बद्रीनाथ : बोलून बसलो, दादा. आता फिरवत न्हाई.

जमादार : हळू बोला. अमीनसाहेब जेवून राह्यले आत. काय झगडा आहे? सगे भाऊ आहात का?

भुजंग : बांधाला बांध हाये आमचा. जमादारसाब, माझ्या विहिरीवरल्या शिंद्या मी तोडल्या. ह्यानं न्हाई. दुसरं धोतर काखंत मारून चावडीवर गेल्तो कबूल करायला. तर पाटील म्हणले, उशीर केला, गुन्हेगार अंबडला गेला पण.

जमादार : कमाल आहे. अख्खी उमर गेली या नोकरीत. चोर म्हणतो मी न्हाई, खुनी म्हणतो मी न्हाई. मीच केलं म्हणून भांडणारे पहिल्यांदा बघितले.

भुजंग : मंग मला आत घ्या अन् ह्याला सोडा.

जमादार : असं कसं घेऊ? जबाबावर ह्याचा अंगठा आहे. उद्या मुन्सफसाबापुढं उभा करायचाय ह्याला. आणि तुम्हाला ठाऊक आहे ना, औंदा काय चाललंय? मागच्या साली शिंदी तोडली तर जुर्माना भरायचा आणि घरी जायचं. आता काँग्रेसवाले गावोगाव तोडून राह्यले, म्हणून हुकूम बदलला. सीधी कैद.

भुजंग : ठाऊक हाये. तेच मागाया आलो.

बद्रीनाथ : मी साहेबांपुढं तेच बोललो, जमादारसाब. शिंदी उगवते शेतकऱ्याच्या वावरात, पाणी पिते त्याच्या विहिरीचं, अन् मालकी सरकारची. तिच्यावर दारूसाठी मडकी बांधणार सरकारचा गुत्तेदार, अन् शेतकऱ्यानं हात लावला की गुन्हा. असा कानून मोडलाच पाहिजे, म्हणून मोडला.

जमादार : मला नका सांगू. कानून हैदराबादेत बनतो. मला फक्त कुलूप दिलंय.

भुजंग : बद्री, तुझ्या ओढ्याला दोन शिंद्या हायेत.

बद्रीनाथ : हायेत.

भुजंग : उभ्या हायेत.

बद्रीनाथ : मंग?

भुजंग : कानून मोडायचा व्हता, तर घरच्या शिंद्या सोडून माझ्या विहिरीवर कशाला आला?

जमादार : हे बराबर बोलला.

बद्रीनाथ : माझ्या शिंद्यांनी कुणाचं पाणी बंद केलं नव्हतं.

भुजंग : कुणाचं पाणी?

बद्रीनाथ : तुम्हाला ठाऊक हाये, दादा.

जमादार : मला नाही ठाऊक.

बद्रीनाथ : दादाच्या विहिरीला लागूनच त्या शिंद्या व्हत्या. दिवस उगवला की पिणारे येऊन विहिरीच्या काठावर बसायचे. बाईमाणूस घागर घेऊन आली की घाण बोलायचे. हाकलावं तर गुत्तेदाराची माणसं अंगावर यायची. मंग वहिनीनं ती विहीरच सोडली. स्वतःची विहीर असून बांध वलांडून माझ्या विहिरीवर यायची. उन्हाळा न्हाई, पावसाळा न्हाई.

भुजंग : माझ्या बायकोचं तू सांगू नको.

जमादार : घरवाली काय म्हणते आता?

भुजंग : गेली. पोळ्याच्या आधी. ताप आल्ता.

जमादार : मला माहीत नव्हतं, बाबा.

भुजंग : दरसाल म्हणायची, तेवढ्या शिंद्या तोडा. मी म्हणायचो, सरकारचं झाड हाये, हात लावला तर बेड्या पडतील. पुढं बोलायची न्हाई. घागर उचलायची अन् ह्याच्या विहिरीकडं जायची.

बद्रीनाथ : अन् शेवटी तुम्ही तोडल्या त्या तरी कशा? सगळ्या विहिरीत पाडल्या. पाणी मोकळं करायला गेले अन् विहीर बुजवून आले.

भुजंग : मला काय शिंद्या तोडायची सवय हाये?

जमादार : आता काढता पण येणार नाही. पंचनामा झाला. मुद्देमाल आहे तो. फैसल्यापर्यंत विहिरीला हात लावायचा नाही कुणी.

भुजंग : विहिरीत पडल्या, हे तुला कुणी सांगितलं?

बद्रीनाथ : बघितलं.

भुजंग : कवा?

बद्रीनाथ : कुऱ्हाडीचा आवाज आला म्हणून आल्तो. तुम्ही काठावर बसले व्हते, कुऱ्हाड मांडीवर घेऊन. मी बाभळीमागं उभा राह्यलो. मनात आलं, चतुरा असती तर हसली असती.

भुजंग : वहिनी म्हण.

बद्रीनाथ : वहिनी असती तर.

भुजंग : आधी काय म्हणला?

जमादार : अरे, हळू. साहेब उठतील.

भुजंग : आधी काय म्हणला तू?

बद्रीनाथ : चुकलो.

भुजंग : चुकला न्हाई. मनात जे नाव हाये ते तोंडात आलं. तुझ्या विहिरीवर ती काय एकदोनदा आली? रोज आली. मी वावरातून बघायचो. इकडून हात डोळ्यावर धरून बघायचो, ती तिकडं उभी, तू तिकडं मोट थांबवून उभा. तोंड हलताना दिसायचं, शब्द ऐकू यायचा न्हाई. घरी आली की विचारायचो, काय म्हणला बद्री? म्हणायची, काही न्हाई.

बद्रीनाथ : काहीच नव्हतं, दादा.

भुजंग : काही न्हाई, त्यासाठी कुणी कैदंत जातं का?

जमादार : शादीत मानाच्या पागोट्यासाठी भांडतात, तसं सजेसाठी भांडून राह्यले दोघं.

भुजंग : जमादारसाब, तुम्ही ऐका अन् ठरवा. हा सुटून आला की पोरं ह्याला हार घालतील. काँग्रेसवाला झाला म्हणतील. ते दोन दिवस. मंग बाया बोलाया लागतील. बद्रीनाथच्या घरच्या शिंद्या उभ्या अन् चतुराबाईच्या विहिरीवरल्या आडव्या, असं कसं? ह्याची बायको झुंबरबाई आज माझ्या दारात आल्ती. रडली न्हाई, भांडली न्हाई. म्हणली, भाऊजी, ह्यांनी तुमच्याच विहिरीवरल्या का हो तोडल्या?

बद्रीनाथ : तुम्ही काय सांगितलं?

भुजंग : काय सांगू? जिचं नाव निघणार ती उत्तर द्यायला हाये का? माझं काय ते सोड. मेल्या बाईच्या नावाला डाग लागला, तर कोणत्या मुन्सफापुढं जाऊ मी?

जमादार : बद्रीनाथ, हे खरं बोलतोय तुझा दादा.

बद्रीनाथ : हे माझ्या मनात आलं न्हाई. खरंच आलं न्हाई.

भुजंग : मंग काय आलं?

बद्रीनाथ : सांगू? मंग ऐक. तू कुऱ्हाड घेऊन काठावर बसला व्हता ना, तवा मला तुझा राग आला. इतका आला की दगड उचलल्ता मी. ती रोज सांगायची तवा तू तोडल्या न्हाई. मी तोडल्या असत्या. आनंदानं तोडल्या असत्या. पण तुझ्या वावरात कुऱ्हाड घेऊन मी कोण म्हणून जाणार? अन् तू, ती गेल्यावर तोडल्या, तरी तूच तोडल्या. तुझा हक्क. रडायचा हक्क तुझा, सुतक तुझं, दहावा तुझा. मी तर पाहुण्यांत पत्रावळी वाढत व्हतो. मला काय राह्यलं? ही कैद राह्यली व्हती. कुणी घेतली नव्हती. मी घेतली.

भुजंग : ती पण माझीच हाये.

बद्रीनाथ : हाये. ठाऊक हाये.

भुजंग : मंग दे.

बद्रीनाथ : देतो. झुंबरीसाठी देतो, अन् वहिनीच्या नावासाठी. पण एक कबूल कर. विहिरीवर ती माझ्याशी काय बोलायची, हे कधी विचारायचं न्हाई. आज न्हाई, सुटून आल्यावर न्हाई, मी मराया टेकलो तरी न्हाई. बाकी सगळं तुझं. तेवढं माझ्यापाशी राहू दे.

भुजंग : दुसरं काही माग.

बद्रीनाथ : दुसरं काही नको.

भुजंग : रोज सकाळी उठलो की पहिलं तेच मनात येतं. बद्रीला विचारू, बद्रीला विचारू. बांधापर्यंत येतो अन् परत जातो.

बद्रीनाथ : मी बघतो ना तुला येताना.

जमादार : जल्दी करा. साहेबांचं जेवण झालं.

भुजंग : न्हाई विचारणार.

बद्रीनाथ : तिची आण घे.

भुजंग : घेतली. जा, जमादारसाब. सांगा साहेबाला.

बद्रीनाथ : दादा, खरंच आत राहता येईल तुम्हाला? थंडी पडाया लागली.

भुजंग : घरात कोणती ऊब हाये?

बद्रीनाथ : साहेब चिडले तर दोघांनाही ठेवतील.

भुजंग : एका कोठडीत तुझ्यासंगं? ते नको.

जमादार : सांगून आलो. चिडलेच साहेब. खोटा जबाब दिला म्हणून ह्याला मारायला उठले होते. मी म्हटलं, खेड्यातले लोक आहेत, जाऊ द्या. म्हणाले, मला एक आदमी पाहिजे, कोणता ते त्यांना ठरवू दे. चल, तू बाहेर ये. अंगठा लाव आणि जा. आणि तू, पटका काढून इथं ठेव. आत चाल.

बद्रीनाथ : बैलांचं मी बघतो, दादा. पेरणीचं पण बघतो.

भुजंग : बघ. झुंबरबाईला सांग, भुजंगानं तोडल्या, मी त्याला वाचवाया गेल्तो. एवढंच सांग.

बद्रीनाथ : सांगतो. येऊ मंग?

भुजंग : थांब. काय बोलायची ते विचारत न्हाई.

बद्रीनाथ : आण घेतली तुम्ही.

भुजंग : बोललेलं न्हाई विचारत. घरी घडीभर टेकलेली कधी बघितली न्हाई मी तिला. म्हणून विचारतो. घागर भरली की लगोलग निघायची, का बसायची जरा?

बद्रीनाथ : दादा.

भुजंग : एवढंच.

बद्रीनाथ : बसायची.

भुजंग : लावा दार, जमादारसाब.