सहा ऑक्टोबरची बाई

—खेच. अजून खेच, सुतार्मी. घाबरतेस काय, मी काही मोडत नाही. हा पट्टा पोटावर गच्च बसला नाही ना, की वरचा सूर निघतच नाही माझा — खालून ढकलावा लागतो तो, मूळचा आवाज तिथला नाहीच मुळी. हां, आता पुढून घे. एवढी बातिकच्या कारखान्यात काम करणारी बाई तू, ताग्यावर तागे गुंडाळतेस, आणि म्हातारीच्या कमरेला हा स्तागेनचा पट्टा गुंडाळताना हात आखडतेस? आणि ते 'बू कास्मिना, आमच्या पोरीचं नशीब उघडलं' — ते आता बस कर, बाई. सकाळपासून तेच ऐकतेय. क्लातेनहून पहिल्या बसने आलात, पोरीच्या पायात नवीकोरी चप्पल, तुझ्या पायात अंगठा तुटलेली. दारातच बघितलं मी. म्हणून तर तिला बाहेर चिकूखाली सेराबीची धिरडी खायला बसवलं आणि तुला आत घेतलं. खाऊ दे तिला. तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही हे. तुझ्यासमोर तरी कुठे आहे म्हणा — पण उत्सव समितीचा पाक सुदिब्यो गाडी घेऊन येईपर्यंत या घरात दुसरं आहे कोण?

काय सांगितलं तुला समितीने? सहा ऑक्टोबर म्हणजे सुराकार्ताची पवित्र तारीख, असंच ना? दर वर्षी पाक सुदिब्योने माईक हातात घेतला की तेच. सहा ऑक्टोबरला आपल्या गाण्याच्या ताफ्याचे मूळपुरुष, व्हायोलिनवाले पाक वोंग्सो जन्मले. सहा ऑक्टोबरलाच बू रेत्नानिंग्रुम जन्मल्या. सहा ऑक्टोबरला त्या पहिल्यांदा रेडिओवर गायल्या, सहा ऑक्टोबरला त्यांची पहिली तबकडी निघाली — आणि मग तो थांबतो, डोळे मिटतो, आणि म्हणतो, 'याच तारखेला, याच मातीत, आपली कास्मिना!' की टाळ्या. म्हणजे माझा जन्म झाला तो त्या यादीच्या शेवटी टाळी पडावी म्हणून. हसतेस? हस, हस. मीही हसायचे पूर्वी.

माझे बाबा त्याच ताफ्यात चेलो वाजवायचे. वाजवायचे म्हणजे काय, बोटांनी असा उडवायचे की ढोलकी लाजावी. मी जन्मले तेव्हा ते रेडिओ केंद्रावर होते, बू रेत्नांच्या वाढदिवसाचा कार्यक्रम चालू होता. निरोप पोचला तशी बू रेत्ना म्हणाल्या म्हणे, 'पाक दार्तो, तुमची पोर माझी.' गंमतीत म्हणाल्या असतील. माणूस आनंदाच्या भरात काहीही बोलतं. पण बाबांनी ते मनावर घेतलं, ते शेवटपर्यंत. मला बोलता येत नव्हतं तेव्हापासून बू रेत्नांच्या तबकड्या कानावर. खेळायला गेले की हाक, पडसं झालं की आल्याचा काढा, मिरची खायची नाही, ओरडायचं नाही. आणि वाढदिवसाला पिवळ्या भाताची रास घरी कधी रचलीच नाही कुणी माझ्यासाठी — ती रास त्या मोठ्या सभागृहात, आणि वरचा शेंडा कापून पहिला घास बू रेत्नांना. मी बाजूला उभी, हातात फुलं. लोक म्हणायचे, किती भाग्याची पोर!

त्या गेल्या तेव्हा मी एकोणीस वर्षांची. तापाने गेल्या, ऐन पावसाळ्यात. मला खरंच रडू आलं गं, मला आवडायच्या त्या, माझ्या वेण्या घालायच्या. पण मग सहा ऑक्टोबर आला आणि समितीची माणसं आमच्या ओसरीवर — तेव्हा पाक सुदिब्योचे वडील होते समितीत — त्यांच्या हातावर बू रेत्नांची केबाया, ती गाण्याच्या वेळची जाळीची चोळी. घडी घातलेली. त्या बारीक होत्या, मी अशी भरलेली. दोन्ही बाजूंनी उसवून पट्ट्या जोडल्या. मला वाटलं एकदाच आहे, श्रद्धांजलीपुरतं. असंच वाटतं. तुलाही असंच सांगितलं असेल ना — 'वर्षातनं एक दिवस तर गायचं आहे'? एक दिवस! तो एक दिवस बाकीच्या सगळ्या दिवसांना खातो, सुतार्मी. त्या एका दिवसासाठी वर्षभर तसंच गायचं, तसंच चालायचं, लग्नाच्या मांडवात बोलावतील तिथेही तीच गाणी. बाजारात भाजीवाली म्हणते, 'बू रेत्ना, पालक घ्या.' माझं नाव माहीत आहे तिला. तरी म्हणते.

जरा थांब, श्वास घेऊ दे. हां. घे आता.

हर्जितो नावाचा मुलगा होता ताफ्यात. चुक वाजवायचा, ती तीन तारांची छोटी. वाजवणारा म्हणून साधारण, पण गाणी करायचा. एकदा तालमीनंतर मी विहिरीवर भांडी घासत काहीतरी गुणगुणत होते, खालच्या सुरात, माझ्या स्वतःच्या — इथला, छातीतला. तो मागे उभा. म्हणाला, 'हा कुणाचा आवाज?' मी म्हटलं, माझाच की. म्हणाला, 'मग ते रोज गातं ते कोण?' तोपर्यंत हे मला कुणी विचारलंच नव्हतं गं. त्याने त्या आवाजासाठी गाणी केली. पाच-सहाच असतील. एक होतं, नदीला पूर ओसरल्यावर जो चिखल उरतो ना दारात, त्यावर — असं गाणं कोण करतं? तो करायचा. आम्ही ती गाणी कुणाला ऐकवली नाहीत. त्याच्या मावशीच्या पडवीत म्हणायचो, मावशीला ऐकू कमी यायचं.

मग सुराबायाच्या एका रेकॉर्डिंग कंपनीने त्याला बोलावलं, गायिकेला घेऊन या म्हणून. तारीख दिली — कुठली असेल? हां, तीच. मी म्हटलं, अरे, दुसरी माग. तो म्हणाला, 'मागितली. नाही मिळत. त्यांना ठाऊकच नाही या तारखेचं, कास्मिना. तिकडे सहा ऑक्टोबर म्हणजे नुसता मंगळवार असतो.' नुसता मंगळवार! तू विश्वास ठेवणार नाहीस, पण ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं. असं एक गाव आहे, बसने जाता येतं, जिथे त्या दिवशी नुसता मंगळवार असतो.

मी जाणार होते. पिशवी भरली होती. बाबांना सांगितलं आदल्या दिवशी, तोंडावर. वाटलं ओरडतील, मारतील. हात धरून अडवलं असतं ना, तर हिसडा मारून गेले असते मी, आजवर कधी मागे बघितलं नसतं. पण ते नुसते चेलो पुसत बसले. सकाळी उठून बघते तर त्यांनी स्वतः कोळशाची इस्त्री पेटवली होती. माझी केबाया इस्त्री करत बसले होते, ओसरीवर. पुरुषमाणूस, चेलोवाली ती जाड बोटं, आणि ती एवढीशी जाळीची बाही. एकेक चुणी काढत होते. वर मान करून म्हणाले, 'बसला वेळ आहे अजून. खाऊन जा काहीतरी.' बस. एवढंच. मी पिशवी खाली ठेवली. — नाही, नाही, रडत नाहीये, काजळ झोंबतंय. ऑक्टोबरात घामाने हे असंच होतं.

संध्याकाळी गायले. बू रेत्नांचं ते प्रसिद्ध गाणं, चांदण्याचं — शेवटच्या कडव्यात 'घरी' हा शब्द येतो ना, तिथे आले आणि श्वास तुटला माझा. मध्येच. अर्धा शब्द बाहेर, अर्धा आत. बाबांचा चेलो एक ठोका पुढे गेला, मग थांबून राहिला माझ्यासाठी. मला वाटलं, संपलं, आता हाकलतील. आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं! बायका ओढणीने डोळे पुसतायत. दुसऱ्या दिवशी पेपरात — 'बू रेत्नांचा तोच हुंदका!' तोच! बू रेत्ना कधी हुंदका देत नव्हत्या गं. स्वच्छ, काचेसारखं गायच्या त्या. तबकड्या आहेत अजून, लावून बघ कुणीही. पण कोण लावतो? तेव्हापासून 'घरी' आलं की तो हुंदका पाहिजे. एकदा नाही दिला मी, मुद्दाम सरळ गायले, तर पाक सुदिब्यो विचारतो, 'बू, तब्येत बरी नाही का?' चाळीसेक वर्षं दर सहा ऑक्टोबरला मी त्याच शब्दावर तशीच रडते. न रडता रडते. आता ते मला श्वासाने जमतं, मनाची गरज लागत नाही.

हर्जितो? गेला की. वाट बघितली बसपाशी, मग गेला. तिकडे दुसरी बाई गायली ती गाणी. चिखलाचं गाणं वर्षभर तरी वाजत होतं बसमधून. मी मंडईत लाल कांदा निवडत होते तेव्हा ऐकलं. चांगलं गायली होती. वाईट गायली असती तर बरं झालं असतं.

ती ओढणी दे खांद्यावर. अशी नाही, उलटी. हं.

आता तुझी पोर. वेनिंग. छान नाव ठेवलंस. तू मघाशी हात धुवायला गेलीस ना, तेव्हा मी तिला विचारलं, घरात कुणी नसलं की काय गातेस? लाजली, नखं कुरतडली, मग गायली. तुला माहीत आहे तिने स्वतः गाणं केलंय? ते साळ सडायचं यंत्र नाही का, गाडीवर घालून दारोदार फिरवतात — त्याच्यावर! ते आलं की गल्लीतल्या कोंबड्या कशा मागे धावतात, आणि कोंडा उडून सगळ्या बायका एका सकाळीत म्हाताऱ्या कशा दिसतात. हसून हसून माझी वेणी सुटली. आणि आवाज बघ, कुठला — इथला. छातीतला. माहीत नाही म्हणतेस? तुझी पोर आहे, सुतार्मी. तुला माहीत आहे. 'ते आपलं काहीतरी खुळं' — असं म्हणाली असशील तिला. म्हणालीस ना?

आणि मग तू आलीस, ओढणी खोचलीस, आणि म्हणालीस, 'बू रेत्नांचं म्हणून दाखव.' ती उभी राहिली. बघितलंस तू, कशी उभी राहिली? हात असे पोटावर, मान जराशी डावीकडे. ती माझी मान आहे गं, बू रेत्नांची नाही. माझ्या या कानाला कमी ऐकू येतं म्हणून मी वाकवते. आणि नाकातून, वरच्या पट्टीत, गोड, गोड — आणि 'घरी'वर आली आणि हुंदका दिला. बरोब्बर तसाच. चेलोसाठी जागा ठेवून. सतरा वर्षांची पोर. तिचा कोण बसथांब्यावर उभा होता? कुणी तिची केबाया इस्त्री केली? तुझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी बघितलं. माझ्या अंगावर काटा आला.

हो, मला ठाऊक आहे समितीचं काय ठरलंय. आज स्टेजवर मी तिच्या खांद्यावर ओढणी घालायची आणि पुढल्या वर्षापासून ती. सहा ऑक्टोबरची पोर शोधत होते कधीपासून, गावोगाव शाळांत विचारलं म्हणे. का शोधत होते? गेल्या वर्षी वरचा सूर फाटला माझा. तू नव्हतीस का? सगळ्यांनी ऐकलं. टाळ्या वाजवल्या, पण पहिल्या रांगेतल्यांनी एकमेकांकडे बघितलं. मला दिसतं वरून. दिवे तोंडावर असले तरी पहिली रांग दिसते.

मला सुटायचं नाही असं समजू नकोस. दर वर्षी म्हणते, हे शेवटचं. आणि पाक सुदिब्यो परवा ओसरीवर बसून म्हणाला, 'बू, आता विश्रांती घ्या,' तेव्हा मी — मी त्याला चहा दिला आणि आत येऊन या पलंगावर बसले, आणि मला कळेना की मी उद्यापासून उठून करू काय. खालच्या सुरात गाऊन बघितलं. चिखलाचं. नाही आलं. आवाजच नाही तिथे आता. दार उघडलं तर आत खोलीच नाही.

—गाडी का ती? तीच. थांब, तू बोलू नकोस. मी पडद्यातूनच बोलते.

पाक सुदिब्यो! हो, हो, तयार आहे, दोन पिना राहिल्यात फक्त! काय म्हणता? मुलगी? ऐकली हो. नाही. नाही चालायची. आवाज जाड आहे. वर जातच नाही, ओढून ताणून आणते. मान कशी धरावी तेही नाही... नाही, शिकवून येत नाही ते, मी सांगते ना. तारीख असून काय उपयोग? आई फार चांगली आहे बिचारी, तिला मी सांगितलंय समजावून. पुढल्या वर्षी? पुढल्या वर्षी मी आहे की! गेल्या वर्षी पडसं होतं मला, तुम्हाला ठाऊक आहे. बसा तुम्ही ओसरीवर, आलेच.

असं बघू नकोस माझ्याकडे. हळू बोल, तो बाहेर आहे. तुझ्या पोरीला सोडवलं मी. — हो, तुझी नजर काय म्हणते तेही कळतं मला. म्हातारीने जागा सोडली नाही. असेल. तेही असेल. दोन्ही असेल, सुतार्मी. कुठलं किती ते मला नाही सांगता येत, आणि आता वेळही नाही. रागाव माझ्यावर, गावभर सांग, माझी हरकत नाही. पण तिला बोलू नकोस. तिला म्हणावं, त्या बाईला कानाने कमी ऐकू येतं.

रडू नको गं. रडायचं ते बसमध्ये. मागच्या दाराने जा, विहिरीकडून, ओसरीवरून नको. सेराबी उरली असेल ती पानात बांधून घे. नको, पिना राहू दे — माझ्या मी लावते.

जा म्हणते ना.