जाळीची कापलेली कड

कारागीर: सांगा की! मी अवघड काही विचारलं नाही हो. छपरावर सोलर पॅनेलभोवती ही तारेची जाळी लावली कोणी, एवढंच.

ताई: गेल्या वर्षी लावून घेतली. होता ओळखीतला एकजण.

धाकटा: एकजण काय, ताई? मी लावली. सख्ख्या बहिणीचं घर आहे, चोरी नाही केली.

कारागीर: तुम्ही हे काम शिकलात कुठे?

धाकटा: कारखान्यात आयुष्यभर पत्रा वाकवला. कबुतरं अडवायला पदवी लागते, हे आजच ऐकतोय.

कारागीर: पदवी नाही, परवाना.

धाकटा: तो दाखवलात की दारातच! आमच्या ताईने असा उलटापालटा करून बघितला, जणू मुलगी द्यायची होती तुमच्या घरात.

ताई: तोंड आवर. इतके फोन केले, पण ‘आधी परवाना बघा, मग कामाचं बोलू’ असं हे एकटेच म्हणाले. जाळीचा कोपरा सुटलाय, कबुतरं पुन्हा आत शिरलीत. परत तुलाच चढवायचं होतं का?

कारागीर: हात सफाईदार आहे तुमचा, खोटं कशाला बोलू? पण पॅनेलच्या चौकटीला भोकं पाडून स्क्रू मारलेत. आम्ही नुसते चिमटे लावतो. भोक पडलं की कंपनी हमी देत नाही.

धाकटा: चिमटे वाऱ्याने निसटतात.

कारागीर: हमीचं राहू द्या. जाळीची कापलेली कड आत दुमडलीत ना?

धाकटा: मुद्दाम. बाहेर राहिली असती तर साफसफाई करताना ताईचाच हात फाटला असता.

कारागीर: आत वायर आहे. वर्षभर वारा जाळी हलवत राहिला आणि ती कड वायरला घासत राहिली. वरचं आवरण गेलंय, आतलं तांबं दिसतंय. शेजारी जुनी घरटी तशीच. काड्या, पिसं, सगळं कोरडं ठणठणीत.

ताई: म्हणजे ठिणगी पडली असती तर…

कारागीर: हो. आणि ऊन आहे तोवर पॅनेलमध्ये वीज असतेच, घरातलं बटण बंद केलं तरी. खालची खोली कोणाची?

ताई: आईची. दुपारभर तिथेच पडून असते. ऊन भिंतीवरून सरकताना बघते आणि म्हणते, दिवस हळूहळू घडी घालून ठेवतंय कोणीतरी.

धाकटा: कड वायरला घासते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ताई: तू विचारलंस कोणाला?

कारागीर: त्या भागाची जोडणी मी तोडून ठेवलीय. वायर बदलून होईपर्यंत चालू करू नका. आता खरं सांगा, अशी जाळी आणखी कुठे लावलीत?

ताई: सांग ना. नाहीतर मी सांगते. कोपऱ्यावरचे तात्या, शिवणकामवाल्या मावशी, त्यांच्या मागचं डॉक्टरांचं घर. मीच पाठवलं याला. कारखाना बंद पडल्यावर नुसता भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. इथली जाळी लावून उतरला आणि हसला. ते हसू घेऊन मी गल्लीभर कौतुक सांगत हिंडले.

धाकटा: आता गल्ली मला जाळीवाला म्हणते. त्याआधी मी काय होतो? भावजींचा बेकार मेहुणा! आणि आज दारोदार जाऊन काय सांगू? तुमच्या छपरावर मी आग ठेवून आलोय?

कारागीर: मी सांगू का?

ताई: नको. तुम्ही सांगितलंत तर तो लबाड ठरेल. त्याने स्वतः सांगितलं तर चुकलेला माणूस ठरेल, एवढंच.

धाकटा: एवढंच! तुला कुठे जायचंय कोणाच्या दारात?

ताई: तुझ्याबरोबर येते. मागे उभी राहीन, एक शब्द बोलणार नाही.

धाकटा: लहान आहे का मी, बोट धरून न्यायला?

कारागीर: हे बघा, तुम्ही कुठल्याही छपरावर चढू नका. नुसतं सांगा. त्या जाळ्या मी आजच उतरवतो. पण घरमालकाने हो म्हटल्याशिवाय मला शिडी लावता येत नाही.

ताई: ऐकलंस? तात्यांना धड चालताही येत नाही. आधी त्यांच्याकडे जा. सांगशील ना? अरे, तुला विचारतेय मी. चप्पल कसली शोधतोस? उत्तर दे आधी.

कारागीर: निघाले ते.

ताई: अरे… तिकडे कुठे? तात्यांचं घर या बाजूला आहे.