चार ओळींत न मावलेलं कारण

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे आमचे मोठे साहेब, आस्थापना विभागाच्या बाई आणि चहा गार होत असूनही बसून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आत्ताच साहेब म्हणाले, "फॉर्मवाल्या बाईंनी एकतीस वर्षांत एकही तक्रार केली नाही." खरं आहे. तक्रारीचा फॉर्मही मीच बनवला होता, त्यामुळे त्यात जागा किती हे मला ठाऊक होतं.

माझं काम इथल्या निम्म्या लोकांना अजून कळलेलं नाही. छापायच्या फॉर्ममागे पानाचा एक साचा असतो. नाव कुठे, शिक्का कुठे, मजकुराला जागा किती, हे तो ठरवतो. बदलीच्या अर्जाला मी दोन साचे दिले होते, एक पहिल्या पानाचा आणि एक पुढच्या पानाचा. कारण लांबलं की मजकूर आपोआप पुढच्या पानावर जायचा. साहेब म्हणाले, "बाई, कारण सांगायला दोन पानं? कादंबरी लिहायचीय का लोकांना? एका पानात बसवा." मी बसवलं. दुसरा साचा बंद केला आणि कारणाच्या चौकटीला चार ओळी दिल्या. तपासताना चौकटीत 'घरगुती अडचण' एवढंच टाइप केलं, ते छान छापलं गेलं. साहेबांनी शाबासकी दिली आणि, खोटं कशाला बोलू, मला ती आवडलीही.

पुढे सहा वर्षं मी त्याच फॉर्मवर बदली मागितली. आई दुसऱ्या गावी एकटी होती. दर वर्षी उत्तर तेच: कारण पुरेसं नाही. मला वाटायचं, साहेबांचं काळीज दगडाचं आहे. गेल्या सोमवारी निवृत्तीच्या कामासाठी माझी फाइल हाती आली, तेव्हा ते अर्ज मी पहिल्यांदा कागदावर पाहिले. अर्ज संगणकावरच भरायचा, छापील प्रत परस्पर साहेबांकडे जायची. संगणकावर चौकट खाली सरकते, सगळं दिसतं. कागद कुठे सरकतो? माझ्या चार ओळी अशा होत्या: "माननीय महोदयांच्या सेवेशी सविनय सादर. आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाली, याबद्दल मी सदैव ऋणी आहे. आपल्या बहुमूल्य वेळातून वेळ काढून माझ्या विनंतीचा सहानुभूतीने विचार व्हावा, कारण की". त्याखाली थेट माझं छापील नाव.

सहाही अर्जांवर हेच. साचा माझा आणि नम्रपणाही माझाच, हे मी कबूल करते. पण साहेब, 'कारण की' म्हणून कुणी थांबतं का हो? एकदा बोलावून विचारलं असतंत तर? माझी खुर्ची तुमच्या दारापासून बारा पावलांवर होती.

आईला मी फोनवर सांगायचे, अर्ज केलाय. ती म्हणायची, "एवढ्याशा गोष्टीला सहा-सहा वर्षं लागतात होय? यायचं नसेल तर तसं सांग बाई." तिला ते कधीच पटलं नाही. याचा राग मला अजून येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

असो. तुम्ही सगळे आलात, चांगलं बोललात, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पदरात घ्या. अर्जातलं जे छापलं गेलं नाही, तेवढं वाचून खाली बसते. एकच वाक्य आहे. "आईचा उजवा हात वर जात नाही, केस विंचरायलाही तिला शेजारणीची वाट बघावी लागते."

साहेब, यावर निर्णय सावकाश द्या. आईला जाऊन चार वर्षं झाली.