हाताला कळलेलं वजन

माझं गाव धरणगावच्या पलीकडचं, कापसाचं गाव. बाप जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात तिथं, हमाल होता आणि मी बी सातवी नापास झाल्यावर त्याच्याच मागं गेलो, खोटं कशाला सांगू. तिथं कापसाची गाठोडी यायची, ती उचलून काट्यावर टाकायची, आणि बाप उचलता उचलताच सांगायचा, अठ्ठावीस, की काटा बी अठ्ठावीसच दाखवायचा, फार तर अर्धा-एक किलो इकडं तिकडं. तीच खोड मला लागली. ही हाताची सवय असते बरं का, डोक्याचा त्यात काही संबंध नाही. मंग जिनिंग बंद पडली, बाप बी गेला, आणि मामाच्या ओळखीनं मी जळगावला मोठ्या दवाखान्यात चिकटलो, आधी रोजंदारीवर, मंग कायम झालो. पहिल्या दिवशी मला कॅज्युअल्टीत टाकलं, म्हणजे अपघातवाले, अत्यवस्थ असलेले पेशंट आधी जिथं आणतात तिथं, आणि आज तीस वर्षं झाली, तिथंच आहे. पुढच्या वर्षी सुटेन.

काम काय, तर माणसं उचलायची. रिक्षातून, जीपमधून काढायचं, ट्रॉलीवर घ्यायचं, ट्रॉलीवरून खाटेवर. लोकांना वाटतं यात काय मोठं. मंग उचला ना नव्वद किलोची बाई, बेशुद्ध, सगळं अंग सोडून दिलेली, आणि तिचे चार धडधाकट नातेवाईक बाजूला उभं राहून मलाच सांगतात, हळू हो आबा, हळू. अरे, इतकी काळजी आहे तं या ना इकडं, पाय धरा. कंबर गेली माझी या कामात, गुडघे गेले. आता तुम्ही लिहून घेताय, मी नुसता बोलतोय, तरी एक पाय लांब करून बसावं लागतंय, राग मानू नका.

तं सांगत काय होतो, वजनाचं. आमच्याकडं एक मॅडम डॉक्टर आल्या, सातारकडच्या, तेव्हा अगदी नवीन होत्या. काही काही औषधं वजनावर द्यावी लागतात, आणि जो माणूस डोळा उघडत नाही त्याला काट्यावर उभा कसा करणार? नातेवाइकाला विचारलं तं तो म्हणतो, असतील पन्नास-साठ. पन्नास-साठ काय, भाजी घ्यायला आला का तू? मी आपला ट्रॉली ढकलता ढकलता बोलून गेलो, बहात्तर लिहा मॅडम. त्यांनी पाहिलं माझ्याकडं, पण लिहिलं. तो माणूस बरा होऊन दोन दिवसांनी उभा राहिला, काट्यावर चढवला, बहात्तर. तेव्हापासून रीतच पडली. पेशंट आला, मी उचलला, की मॅडम वर न पाहता विचारायच्या, आबा, किती? मी सांगायचो, त्या लिहायच्या. सांगितलेला आकडा मी कधी फिरवला नाही.

आता इतकी वर्षं उचलल्यावर माणसाला काही गोष्टी दिसतातच. साखरेचे पेशंट आमच्याकडं रोज. जाड माणूस आला की आम्ही मनात शिव्या द्यायचो, उचलताना दम निघायचा, आणि आठ-दहा दिवसांनी तोच लेकाचा आपल्या पायानं चालत गेटबाहेर रसवंतीवर उभा. आणि साखरेचा वाळलेला माणूस आला, हाताला नुसती हाडं लागली, की उचलायला सोपा, एकट्यानं बी उचलला जाईल, पण तो बहुतेक परत जायचा नाही. त्याला मीच दुसऱ्या दरवाजानं न्यायचो. मी एकदा मॅडमना विचारलं, म्हटलं, मॅडम, तुम्ही तं सगळ्यांना वजन कमी करा, कमी करा सांगता, आणि इथं तं जाडच वाचतात, हे कसं? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आबा, जाडी चांगली असं नाही, जाडीनंच तर पुष्कळांना साखर होते. पण खाऊन-पिऊन, चालून कोणी वजन कमी केलं तर ते वेगळं आणि आजारानं खाल्लं तर वेगळं. आजारानं खाल्लेल्याच्या अंगात झुंजायला काही शिल्लक राहत नाही. मला पटलं. कानांनी ऐकलं, पटलं, आणि घरी जाताना तिथंच ठेवून गेलो.

कारण घरी काय होतं, ते सांगतो. माझी बायको विमल, चोपड्याकडची, अंगानं भरलेली, शहात्तर किलो. साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वजन उतरवा. बिचारीनं मनावर घेतलं. केळी सोडली, भात सोडला, लग्नाकार्यात वरण-बट्टीच्या पंगतीतून उठून यायची. वर्षभरात साठवर आली. गल्लीतल्या बाया विचारायला लागल्या, काय करस वं, आम्हले बी सांग. मी बी फुशारलो. आणि मंग मीच, या तोंडानं म्हटलं, आता कशाला गोळ्या, वजन उतरलं म्हणजे साखर गेली. तिला गोळ्यांचा कंटाळा होताच. बंद केल्या. काय सांगू तुम्हाला, दवाखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस मी.

त्यानंतर बी वजन उतरतच गेलं, आणि आम्हाला वाटलं पथ्याचा गुण आहे. ब्लाऊज दोनदा आत घेतले. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, तिनं कासाराकडून लहान मापाच्या भरून घेतल्या आणि मला हात दाखवला, हसत. पाणी फार प्यायची, सारखी लघवीला उठायची. मी म्हटलं, ऊन आहे. थकून ओट्यापाशीच बसायची. विचारलं तं म्हणायची, मी बरी शे, काय व्हयनं माले. मुलगा सुरतेला, दिवाळीला येतो, तो म्हणाला, आई किती सुकली. मी त्यालाच झापलं. दिवसाला वीस-तीस माणसं उचलतो, पण घरात आपल्या बायकोला कोण उचलून पाहतं?

मंग एक दिवस दुपारी, मी ड्यूटीवर, शेजारच्या सुशीला अक्काचा फोन, आबा, विमल ऊठत नही, रिक्षात टाकी आणस. मी ट्रॉली घेऊन गेटवर उभा. रिक्षा आली. अक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलेलं, आणि विमलचा श्वास असा मोठा मोठा चाललेला, धाप लागल्यासारखा, डोळे बंद. मी खाली हात घातले आणि उचलली. भाऊ, उचलली आणि मला कळलं. हाताला कळलं. त्रेचाळीस.

आत घेतली. बोटातून रक्त काढलं तं मशीन आकडाच दाखवेना, नुसतं हाय, म्हणजे मोजता येते त्याच्या पलीकडं गेलेली साखर. मॅडमच होत्या. बाई माझी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्या आपल्या कामात, वर न पाहता म्हणाल्या, आबा, किती?

मी म्हटलं, साठ.

का म्हटलं ते विचारू नका. नाही, सांगतोच. त्रेचाळीसवाले साखरेचे पेशंट कुठं जातात ते मला माहीत होतं. मीच नेले होते ना. त्रेचाळीस म्हटलं असतं तं मीच माझ्या तोंडानं तिचा निकाल लावला असता, आणि गोळ्या कोणी बंद करायला लावल्या ते बी उघडं पडलं असतं. साठ म्हणजे सगळं ठीक होतं तेव्हाची विमल. मॅडमनी साठ लिहिलं, सिस्टरला इन्शुलिन किती चढवायचं ते सांगितलं, सिस्टर भरायला लागली. मी तिथं उभा. साठचं इन्शुलिन त्रेचाळीसच्या अंगात जाणार होतं. माझे हात खोटं बोलले नव्हते, तोंड बोललं होतं. सिस्टर नळी जोडायला वाकली तेव्हा मी ओरडलो, थांबा.

सगळे थांबले. मी म्हटलं, मॅडम, साठ नाही, त्रेचाळीस. माझी बायको आहे ही.

मॅडमनी मान वर केली. माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. आकडा खोडला, दुसरा लिहिला, सिस्टरला म्हणाल्या, परत भरा. मंग मला म्हणाल्या, आबा, बाहेर बसा. मी बसलो नाही, पायाशी उभा राहिलो.

अकरा दिवस होती ती दवाखान्यात, त्यातले चार आयसीयूत. वाचली. मॅडम म्हणाल्या, थोडक्यात वाचली, पण पुढं काही धरून चालू नका, अंगात काही राहिलेलं नाही, सर्दी-तापानं बी परत इथं येईल. इन्शुलिन चुकवायचं नाही आणि पोटभर खायचं. आता डाळ, अंडी, भाकरी, शेंगदाणे, सगळं देतो. सुई मीच टोचतो, दोन वेळा. पहिल्या दिवशी तिच्यापेक्षा मीच घामाघूम झालो होतो. मेडिकलवाल्याच्या काट्यापर्यंत तिच्यानं चालवत नाही अजून, तं दर रविवारी जेवायच्या आधी मीच तिला उचलतो, वीतभर जमिनीवरून. आधी लाजायची, म्हणायची, या वयात, कोणी पाहिलं म्हणजे. आता स्वतःच उभी राहते. सेहेचाळीस झाली, मंग सत्तेचाळीस झाली. मी थकलो आहे भाऊ, खरं सांगतो, दिवसभर दुसऱ्यांची माणसं उचलायची आणि रविवारी आपलं माणूस उचलायचं. नोकरी सुटेल पुढच्या वर्षी, हे सुटणार नाही. तुमच्या घरी कोणाला साखर असेल आणि अंग उतरत असेल, तं कौतुक करू नका, आधी तपासून घ्या. एवढं लिहा, बाकी नाही लिहिलं तरी चालेल.

कालचा बी रविवार होता. उचलली. हाताला पंचेचाळीस लागलं. खाली ठेवली. तिनं विचारलं, किती? मी म्हटलं, सत्तेचाळीस, तेवढंच आहे. ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली, मंग म्हणाली, खरं सांगा. माले आजून जगनं शे.

मी म्हटलं, पंचेचाळीस.

ती खाली बसली. ताट पुढं ओढलं, भाकरी मोडली, आणि खायला लागली.