संध्याकाळचा राखाडी

ऋतुजा : राखाडीच लावा, केशवभाऊ. तीन गिऱ्हाइकं फाटकातूनच परत गेली. दलाल म्हणतो, दर्शनी भिंत उजळली की घर लगेच विकलं जाईल. बाबांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, तळमजल्याचा फ्लॅट बघून ठेवलाय.

केशव : हा पहा ताई शेडकार्डावर. आजकाल सारे हाच मारून राहिले.

नत्थूजी : संध्याकाळी जांभळा दिसन हा.

केशव : राखाडी जांभळा कसा दिसन, काकाजी?

नत्थूजी : समोरच्याची भिंत गेरूवानी लाल हाय. पाचनंतर तिच्यावर ऊन पडते अन् उलटून आपल्या भिंतीवर येते. अन् ह्या राखाडीत निळा हाय.

ऋतुजा : बाबा, तीस वर्षं तुम्ही वाडीच्या गोदामात चौकीदारी केली. रंगातलं केशवभाऊंना कळतं. केशवभाऊ, एक पट्टा मारून दाखवा हो बाबांना, म्हणजे समाधान होईल.

(त्याच संध्याकाळी, भिंतीसमोर.)

केशव : आईशप्पथ! ताई, बाहेर या! जल्दी!

ऋतुजा : काय झालं? ...अगं बाई. हा तर वांग्यासारखा दिसतोय!

केशव : वीस वर्षं झाले ब्रश धरून. नुसतं कार्ड पाहून सांगणारा माणूस नाही पाह्यला. काकाजी, तुमाले कसं समजलं?

नत्थूजी : आमच्या हातमागावरच्या लुगड्याचं सूत मीच रंगवत होतो गा. दुकानदार लुगडं भर उनात पाहे, बाई दिव्याच्या उजेडात नेसे. दोन्हीकडं रंग तोच दिसाले पायजे.

केशव : मंग आता काय करू?

नत्थूजी : डब्ब्यात पिवळट हिरवा टाक. हळू. अजून दोन थेंब... बस. लाव आता. अन् वाळू दे.

ऋतुजा : ...जांभळं पार गेलं. काय निवांत दिसतेय भिंत! केशवभाऊ, माझ्या अंगावर काटा आला बघा.

केशव : माह्याबी, ताई.

ऋतुजा : दलालाला सांगते, गिऱ्हाईक संध्याकाळीच आणा म्हणून. पण बाबा, हे तुम्ही मला कधीच का नाही सांगितलं?

नत्थूजी : माग बंद पडला तवा तू पाळण्यात होती वं. मंग गोदामात रंगाचं कोण पुसते?

ऋतुजा : मी पुसते. चला, हात द्या. मागच्या भिंतीला कोणता लावायचा?