आत्याला न विचारलेला उलटा प्रश्न

गावकरी मंडळी, आयाबायांनो,

गोदाआत्यासाठी तुम्ही सारे तिच्या दारात जमलात. तुमच्यासमोर बोलायला मला तोंड नाही. पण न बोलता गेलो तर रात्री झोप यायची नाही.

मी तिचा भाचा. हिंगोलीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. माणसाच्या मनाचा कल कसा मोजायचा, हा माझा विषय. वर्गात घसा फोडून सांगतो, पोरांनो, एकाच बाजूनं विचारू नका! 'शहरात राहणं बरं' असं विचारलंत, तर 'गावातच राहणं बरं' हेही विचारा. आपली माणसं भिडस्त. समोरच्याचं मन राखायला दोन्हीला मान डोलावतात. तशी डोलावली, तर समजा, त्यांचं मन तुम्हाला कळलेलंच नाही.

हे सांगणारा मी दिवाळीत इथंच ओट्यावर बसलो होतो. आत्याचे गुडघे गेलेले, घरात एकटी. म्हणालो, "आत्या, हिंगोलीला चलतेस ना? तिथं बरं वाटंल ना तुला?"

"व्हय बाबा. तू म्हणतोस ते बराबर हाय."

झालं! मी खूश. लगेच गाडी आणली.

हिंगोलीत माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती सारखी विचारायची, "आपल्या गावात, कुरुंद्यात, हळद शिजायला लागली असंल का रे?" मी मोबाइल बघत "असेल" म्हणायचो. तिथंच ती गेली.

शेजारच्या पारूबाई काल दहाव्याला मला म्हणाल्या, "तिला जायचंच नव्हतं. म्या म्हणलं, मंग काहून जाऊन राहिलीस? तर म्हणली, माहेरचा माणूस दारात आला, त्याला न्हाई कसं म्हणू?"

माहेरच्या माणसाला नाही म्हणायचं नाही. ही रीत मला ठाऊक नव्हती? माझ्या आईनं जन्मभर पाळली. मग उलटं का नाही विचारलं? मंडळी, उत्तर मला माहीत होतं, म्हणून नाही विचारलं. कुरुंद्याला खेपा घालायचा मला कंटाळा आला होता. एवढंच. माझी सोय मी तिच्या तोंडून वदवून घेतली.

आत्या, चुकलो गं.

आता आपण तिच्यासाठी शांत उभे राहू. नंतर जाताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवाल, म्हणाल, "तुमी लई केलं तिचं." नका म्हणू. आज माझं मन राखू नका.

उठू या.